मेलेल्यांच्या नावाचा पेला

त्या दिवशी आमच्यातलं कोणीही दगावलं नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ऐकणाऱ्याला श्वास रोखून बसवणाऱ्या गोष्टी मला आवडत नाहीत, आणि माझ्या वयाला त्या झेपतही नाहीत. गेलं ते सामान गेलं. टेबलं गेली, बाकं गेली, अख्खं भाजलेलं डुक्कर गेलं, माझ्या भावाची जुनी गाडी गेली, आणि नदीकाठचं ते कुरण गेलं, जिथे आमच्या घरातली सगळी लग्नं झाली. माणसं सगळी आहेत. आता ऐका.

माझी सून बर्फ मोजते. लोकांच्या सुना चीज बनवतात, गाईंच्या धारा काढतात, अगदीच शिकलेल्या असल्या तर शाळेत शिकवतात. माझी मारेखी आमच्या गावाच्या डोक्यावरच्या हिमनदीत काठ्या रोवते आणि उन्हाळा संपताना कुठली काठी किती उघडी पडली ते बघते. पहिल्यांदा आली तेव्हा विद्यार्थिनी होती, राजधानीतून, तिबिलिसीहून आलेली, पाठीवर स्वतःच्या वजनाची पिशवी. गावात उतरायला जागा नव्हती म्हणून मी तिला माळ्यावर खाट दिली. तिच्या काठ्या वाहायला माझा गोचा जायचा. मी म्हटलं, पोरगा एकदाचा कामाला लागला. दोन उन्हाळ्यांनंतर माझ्या लक्षात आलं की काठ्या एका माणसाला सहज उचलता येतात, तरी रोज जातात दोघं.

लग्न झाल्यावर तिचं हे वेड कमी होईल असं मला वाटलं होतं. ते झालं नाही. दर वर्षी बर्फ थोडा मागे गेला आणि दर वर्षी ही त्याच्या मागे गेली. पण एक सांगते, माझ्या घरात ती कधी पाहुणी म्हणून राहिली नाही. शहरातून येताना तिच्या गाडीत यंत्रं कमी आणि अर्ध्या गावाची औषधं जास्त असतात. कुणाचा चष्मा, कुणाच्या शिवणयंत्राच्या सुया, कुणाच्या नातवाला बूट. एकदा बाहेरच्या देशातल्या कुठल्याशा मोठ्या विद्यापीठाने तिला बोलावून घेतलं. तेवढ्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, आणि ही बया सगळं सोडून परत आली. मी म्हटलं, अगं, गुडघा माझा आहे, तुझं काय अडलंय, तिकडे एवढी मोठी मोठी माणसं आहेत. तर म्हणते, त्यांच्याकडे हिमनदी नाहीये. मी तिला चांगली झापली, मग आत जाऊन रडले.

आता अस्वलाचं सांगायला हवं. हिमनदीच्या तोंडाशी एक तळं झालंय. माझ्या लहानपणी ते नव्हतं. बर्फ मागे सरकला, खड्डा उरला, त्यात पाणी साठत गेलं. त्याला बांध म्हणाल तर नुसता दगडमातीचा, तोही आतून बर्फावर उभा. मारेखीने तिथे पाण्याची पातळी सांगणारं यंत्र बसवलंय, ते तिच्या फोनवर निरोप पाठवत राहतं. तिचं म्हणणं असं की तळं हळूहळू भरलं तर विचार करायला वेळ मिळतो, पण एकाएकी उतरायला लागलं तर पळायचं, कारण ते पाणी कुठेतरी निघालेलं असतं आणि त्याच्या वाटेत आपलं गाव आहे.

मागच्या वर्षी गवतकापणीच्या दिवसांत तिच्या फोनवर पातळी धाडकन तळाला गेली. तिने दारोदार ओरडत फिरून माणसं बाहेर काढली आणि टेकडीवर चढवली. कापलेलं गवत शेतात तसंच राहिलं, त्यावर पाऊस कोसळला. आम्ही वर भिजत बसलो आणि नदी खाली रोजच्यासारखी वाहत राहिली. दुसऱ्या दिवशी गोचा वर जाऊन आला. अस्वलाने यंत्र पाण्यातून ओढून बाहेर काढलं होतं आणि त्याची तार चघळून ठेवली होती.

झालं, गावाला वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. आमची शेजारीण त्सियाला, तिची जीभ म्हणजे विळाच, रोज सकाळी कुंपणावरून विचारायची, "मारेखी, आज अस्वल काय म्हणतंय? कपडे वाळत घालू ना?" मारेखी हसायची. तिला हसताना बघून मलाच राग यायचा. माझा धाकटा भाऊ शाल्वा मात्र एकदाही हसला नाही. सगळ्यांत जास्त गवत त्याचं कुजलं होतं. त्यानंतरही ती त्याला मामा म्हणतच राहिली, पण तो तिला काहीच म्हणेना.

अशात माझ्या नातीचं, म्हणजे मारेखीच्या तेक्लेचं लग्न ठरलं. मुलगा खालच्या गावचा, झाझा नाव, कान जरा मोठे पण माणूस चांगला. मारेखीचं म्हणणं पडलं की जेवण शाळेच्या अंगणात ठेवू, ते उंचावर आहे. शाल्वा म्हणाला, माझं लग्न कुरणात झालं, माझ्या बापाचं कुरणात झालं, आता पोरगी शाळेत डबा खायला बसणार का? सगळे खो खो हसले. कोणीतरी मागून अस्वलालाही आमंत्रण द्यायला सांगितलं. मारेखीच्या शब्दाला काही वजनच उरलं नव्हतं, ती काय भांडणार? पण लग्नाच्या आदल्या दिवशी, घरात शंभर कामं पडलेली असताना, ही बाई पहाटे उठून तळं बघायला वर गेली आणि चिखलाने माखून परत आली. मग रात्रभर माझ्यासोबत अक्रोड वाटत बसली. डोळ्याला डोळा नाही. मी म्हटलं, नवरीची आई आहेस, फोटोत भुतासारखी दिसशील.

दुसऱ्या दिवशी खालच्या गावातल्या चर्चमध्ये लग्न लागलं आणि दुपारी अख्खं गाव आणि पाहुणे, सगळे कुरणात टेबलावर बसलो. अक्रोडाच्या झाडांची सावली, नदीचा आवाज, अक्रोडाच्या रश्श्यातली कोंबडी, घेवडा भरलेल्या गरम रोट्या, माझ्या नवऱ्याने लावलेल्या वेलींची वाइन. तमादा अर्थातच शाल्वा. आमच्याकडे टेबलावर तमादा सांगेल तेच होतं. पेला कुणाच्या नावाने उचलायचा, कधी प्यायचा, कधी उभं राहायचं, कोणी बोलायचं, सगळं तो ठरवतो. देशाचा राजा जरी पाहुणा आला तरी तमादाच्या आधी त्याने पेला ओठाला लावायचा नाही. एरवी आमची माणसं कुणाच्या बापाचं ऐकत नाहीत, सरकारचं तर मुळीच नाही. पण टेबलावर बसली की तमादापुढे शाळकरी पोरांसारखी होतात.

देवाचा पेला झाला, नवरानवरीचा झाला, आईबापांचा झाला, आणि शाल्वा मेलेल्यांच्या नावाच्या पेल्यासाठी उठला. या पेल्याला सगळे उभे राहतात, एक शब्दही बोलत नाहीत. तो चालू असताना टेबल सोडून जाणं म्हणजे गेलेल्या माणसांना पाठ दाखवणं. माझं मन माझ्या नवऱ्याकडे, वाझाकडे गेलं. त्याला जाऊन चार वर्षं झाली. नातीचं लग्न बघायचं म्हणून त्याने केवढं आजारपण रेटलं होतं.

तेवढ्यात मला मारेखी दिसली. ती टेबलाच्या त्या टोकाला होती, फोन बघत होती. मग फोन खिशात टाकून ती आमच्याकडे चालत आली, अगदी सावकाश. मी तिला ओळखते. घाबरली की ती सावकाश चालते. येऊन ती शाल्वाच्या कानाशी उभी राहिली. मी त्याच्या डाव्या हाताला होते, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"मामा, तळं उतरतंय."

शाल्वाने पेला खाली ठेवला नाही. "किती?"

"निम्मं गेलं. अजून उतरतंय."

"अस्वल असेल."

"असेल."

"म्हणजे तुला माहीत नाही."

"नाही मामा. मला माहीत नाही. मागच्या वेळी पातळी एका झटक्यात गेली होती, या वेळी टप्प्याटप्प्याने चाललीय. पण अस्वल यंत्राशी खेळत बसलं असेल तरी फोनवर असंच दिसेल. वर बघून सांगणारा एकच माणूस, तो मेंढपाळ, आणि तो इथे तिसऱ्या टेबलावर कोंबडी खातोय."

"आणि अस्वल नसेल तर?"

"तर पाणी इथे पोचायला तासही लागणार नाही. मी ओरडले तर निम्मे हसत बसतील आणि निम्मे नदीकाठच्या गाड्या काढायला धावतील. तुम्ही म्हणालात तर सगळे उठतील."

"मेलेल्यांच्या पेल्यात माणसं उठवू? माझ्या टेबलावरून?"

"उठवू नका. पेल्यासकट वर घेऊन चला. मला फक्त बोलू द्या."

शाल्वाने तिच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदाच नीट बघितलं असेल. मला वाटलं, आता हा तिला सगळ्यांसमोर बसवणार. तसं झालं असतं तर माझ्या पोरीला या गावात परत मान वर करता आली नसती. पण शाल्वा घसा साफ करून मोठ्याने म्हणाला, "हा पेला मी नवरीच्या आईच्या हाती देतो. मारेखी बोलेल."

तमादाने असा आपला पेला दुसऱ्याच्या हाती दिला की त्याचं बोलणं संपेपर्यंत सगळ्यांनी ऐकायचं असतं. बाईच्या हाती, आणि तेही या पेल्याला, फारसा कोणी देत नाही. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

मारेखी म्हणाली की ती या घरात आली तेव्हा तिला वडील नव्हते, ते वाझाबाबांच्या रूपाने मिळाले. म्हणाली, "आपण इथे त्यांच्या नावाने पेला उचलतोय आणि ते वर टेकडीवरच्या कबरस्तानात एकटे आहेत. लांब आहेत का? चालत जाण्याएवढेच तर दूर आहेत. तेक्लेने त्यांच्यासमोर पेला उचलावा असं मला वाटतं. आणि नुसतं तेक्लेने नाही, सगळ्यांनी. भरलेले पेले हातात घ्या आणि आत्ता चला. म्हाताऱ्यांना खुर्चीसकट उचला. चुलीपाशी आहेत त्यांनाही बोलवा. एकजण जरी खाली राहिला तर बाबांना वाटेल, कोणीतरी रुसलंय."

तिने एक अक्षरही खोटं सांगितलं नाही, हे लक्षात ठेवा. सगळं सांगितलं नाही, एवढंच. तेक्लेला काही माहीत नव्हतं. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं, झगा गुडघ्यापर्यंत उचलला, झाझाचा हात धरला आणि चालायला लागली. आईवर गेलीय पोरगी.

शाल्वाने हुकूम सोडला, गाणारे पुढे, आणि वर पोचेपर्यंत कोणीही पेला ओठाला लावायचा नाही. मग त्याने गोचाच्या कानात काहीतरी सांगितलं आणि गोचा नदीच्या बाजूला पळाला, पाण्यात खेळणारी पोरं आणि स्वयंपाकाच्या बायका गोळा करायला. सगळं वऱ्हाड पेले सांभाळत टेकडीच्या वाटेला लागलं. भरल्या पोटी चढ चढायला लावला म्हणून त्सियाला कुरकुरत होती, पण चढत होती. तमादाने सांगितलं होतं ना.

मीही निघाले. अर्ध्या वाटेवर पाण्याच्या टाकीपाशी मी थांबले आणि खाली बघितलं. आकाश निळंशार, पानही हलत नव्हतं. नदी तर रोजच्यापेक्षा कमीच वाटत होती, जराशी गढूळ. खरं सांगू का? मला अस्वलच वाटलं. मला शंभर टक्के अस्वलच वाटलं. आणि मला धास्ती वाटली ती पुराची नाही. उद्या कळणार की पुन्हा अस्वलच होतं, आणि सगळे म्हणणार, या बाईने पोटच्या पोरीचं लग्नसुद्धा सोडलं नाही. एकदा गाव हसतं. दुसऱ्यांदा हसत नाही, दार लावून घेतं.

मी विचार केला, निदान वर जाणं तरी खरं झालं पाहिजे. कबरीपाशी सगळं रीतसर झालं, तर उद्या कोणी म्हणू शकणार नाही की तो बहाणा होता. रीतसर म्हणजे रोटी हवी. रोटीवर वाइन ओतल्याशिवाय मेलेल्या माणसापर्यंत काही पोचत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोराला माहीत आहे. आणि एवढ्या वऱ्हाडात एकाच्याही हातात रोटी नव्हती. सगळे पेले सांभाळत होते.

म्हणून मी वळले. मागच्या पायवाटेने खाली उतरले. म्हाताऱ्या बाईकडे कोणी बघत नाही, हा एक फायदा असतो.

कुरणात शुकशुकाट होता. टेबलांवर ताटं तशीच, खुर्च्या मागे सारलेल्या. मी एका टेबलावरची चादर ओढली आणि फडक्याखालच्या रोट्या निवडायला लागले. तुटलेल्या बाजूला, अख्ख्या चादरीत. वाझाला तुटकी रोटी नेऊन मी काय तोंड दाखवणार? गाठ मारत होते तोच मला मारेखी दिसली. निळा रेशमी झगा कमरेला खोचलेला, पाय अनवाणी, टेकडीवरून सुटलेल्या दगडासारखी धावत येत होती.

"आई, ते टाका आणि चला."

"रिकाम्या हाताने जाऊ तुझ्या सासऱ्याकडे?"

"आई, ऐका माझं."

"तूच ऐक. उद्या अस्वल निघालं तर? रोटी असली म्हणजे ते खरोखरचं स्मरण होतं. मग कुणाची तुला हसायची छाती होणार नाही."

ती धापा टाकत उभी राहिली. "माझ्यासाठी परत आलात?"

"मग काय डुकरासाठी?"

क्षणभर मला वाटलं, ही आता रडणार. पण तिने माझ्या हातातलं गाठोडं हिसकावलं, खांद्यावर टाकलं आणि माझं मनगट धरलं. "उद्या सगळ्यांना हवं तेवढं हसू द्या. आत्ता चढा."

मी चढले. तिने माझ्या गुडघ्याची दया केली नाही, हे सांगायला हवं. आधी वास आला. ओल्या मातीचा, नुकत्या खणलेल्या खड्ड्यातून येतो तसा, पण एवढा दाट की घशात बसला. मग पायाखालची जमीन हलकेच थरथरायला लागली. मी मागे वळायला गेले तर ती ओरडली, "मागे बघू नका, पाय कुठे ठेवताय ते बघा." माझ्यावर ओरडण्याची तिची ती पहिली वेळ. वरून गोचा आणि शाल्वा धावत आले. शाल्वाने मला सरळ खांद्यावर टाकलं. त्याच्या कमरेची सगळ्या गावाला काळजी, आणि हा मला पोत्यासारखी घेऊन पळतोय. मी त्याच्या पाठीवर उलटी लटकलेली, म्हणून मलाच सगळ्यांत नीट दिसलं.

पूर म्हणजे पाणी येईल असं मला वाटलं होतं. ते पाणी नव्हतंच. चिखल, घरांएवढे दगड आणि आडवी झाडं, सगळं एकमेकांना ढकलत खाली येत होतं. कुरणात शिरताना त्याचा वेगही फार वाटला नाही. अक्रोडाची झाडं उभीच्या उभी थोडी चालली आणि मग पडली. टेबलं दिसेनाशी झाली. जिथे मी रोट्या निवडत होते तिथे चर्च बुडेल एवढा चिखल होता. मग ते पुलावर गेलं आणि पूल नव्हताच असं झालं.

वर कबरींपाशी गाणारे मध्येच थांबले होते. मग सगळे एकदमच आपापल्या माणसांची नावं घ्यायला लागले आणि कोलाहल झाला. शाल्वाने मला खाली ठेवलं, पाठ धरून सरळ झाला आणि तमादाच्या आवाजात म्हणाला, "जसे टेबलावर बसला होतात तसे उभे राहा." माणसं कबरींमधून रांगा लावून उभी राहिली. प्रत्येकाने आपला शेजारी बघितला. स्वयंपाकाच्या बायका होत्या, पोरं होती, मेंढपाळ होता, झाझाची आंधळी आत्या खुर्चीत बसलेली होती. अकॉर्डियनवाला अकॉर्डियन खाली राहिलं म्हणून रडत होता, पण होता. कोणी कमी नव्हतं. तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला आणि मी वाझाच्या कबरीवर मटकन बसले.

मग मला जे दिसलं ते मी कधी विसरणार नाही. सगळ्यांच्या हातात पेले होते. काही पळताना सांडले असतील, काही धक्क्याने. पण बहुतेक सगळे भरलेलेच होते. खाली कुरण गेलं, गाड्या गेल्या, पूल गेला, आणि एकानेही घोट घेतला नव्हता. तमादाने अजून सांगितलं नव्हतं.

मारेखीने गाठोडं सोडलं. रोट्या हातोहात गेल्या. शाल्वाने पहिली रोटी वाझाच्या दगडावर ठेवली, तिच्यावर वाइन ओतली आणि मेलेल्यांची नावं घेतली, वाझाचं, आमच्या आईबापांचं, आणि स्वतःच्या गेलेल्या धाकट्या मुलाचं. सगळे प्यायले. त्यानंतरचा पेला आमच्याकडे जिवंत माणसांचा असतो. वाइन संपलेली. शाल्वाने रिकामाच पेला उचलला आणि मारेखीकडे वळला. त्याला बोलायला जमेना. चाळीस वर्षं तमादा आहे हा माणूस, पाऊस आला तरी बोलणं थांबवत नाही. शेवटी म्हणाला, "पोरी," आणि तिच्या मातीने भरलेल्या कपाळाचं चुंबन घेतलं. पेला तेवढ्यावरच झाला. त्सियाला पुढे आली, आपल्या पायातले जोडे काढले आणि मारेखीच्या अनवाणी पायांपुढे ठेवले. मोठे होत होते. मारेखीने घातले.

मग ती सगळ्यांना म्हणाली की तळं अजून रिकामं झालेलं नाही, मागून आणखी येऊ शकतं, मी सांगेपर्यंत कोणी खाली उतरू नका. एवढं सांगून ती माझ्याशेजारी येऊन बसली. मी तिचे हात माझ्या हातात घेतले.

"आई," ती हळूच म्हणाली, "मलाही अस्वलच वाटलं होतं."

"काय सांगतेस?"

"खरंच. मनात तेच जास्त होतं."

"आणि तरी तू पोरीचं लग्न मोडून सगळ्यांना वर आणलंस?"

"मग काय करणार होते?" ती म्हणाली. "तुम्ही सगळे होतात ना खाली."

मी तिचं डोकं माझ्या मांडीवर ओढलं. आदल्या दिवशीचा चढ, रात्रभराचे अक्रोड, आजचं हे सगळं, ती डोळे मिटताच झोपली. झाझाने येऊन आपला लग्नाचा कोट तिच्यावर घातला. तेव्हापासून त्याचे कान मला मोठे वाटत नाहीत.

ऊन उतरलं. टेकडीवर गारठा पडायला लागला. खाली गावाच्या वरच्या आळीतल्या गोठ्यांतून गाईंचं हंबरणं ऐकू यायला लागलं, धारांची वेळ टळून गेली होती. चिखल खालच्या गावाच्या अलीकडेच कधीचा थांबला होता, नदी त्यातून नवी वाट काढून वाहत होती. पोरं भुकेजली होती. नवऱ्यामुलाकडचे लोक आमच्याकडे बघत होते. त्सियाला अनवाणी पाय चोळत उठली आणि शाल्वापाशी जाऊन म्हणाली की आता उतरायला काय हरकत आहे, गाईंचे सड तटतटले असतील. शाल्वाने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्या मांडीकडे मान वळवली. त्सियालाने बघितलं आणि परत जागेवर जाऊन बसली. कोणीतरी हलक्या आवाजात गाणं गुणगुणायला लागलं, त्याला शेजाऱ्याने कोपराने ढोसलं.

एका टेबलावर दोन घटका गप्प बसू न शकणारी आमची माणसं, दोन्हीकडचं अख्खं वऱ्हाड, कबरींच्या मध्ये थंडीत कुडकुडत बसून राहिलं. माझी मांडी सुन्न झाली होती. कोणी विचारलं असतं तर मी तिला उठवलं असतं. कोणी विचारलं नाही.